सात वीर आणि दोन पाहुणे

हवालदार हिरालाल यांच्याविषयी माझ्या मनात काडीचाही राग नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते कायद्याला धरून होतं. सफाई जमादार ओमप्रकाश यांचंही काही चुकलं नाही. मग चुकलं कोणाचं, असं विचाराल तर आमची मथुरा एका क्षणात बोट दाखवेल. ते बोट कोणाकडे वळेल हे मला ठाऊक आहे, म्हणून ती शेजारी गेली आहे तोवर ही हकीकत सांगून घेतो.

सुरुवात एका पत्राने झाली. मथुराचा धाकटा भाऊ तेजराम फौजेत होता. पासष्टची लढाई होऊन वर्ष उलटत आलं होतं आणि त्याला पहिल्यांदाच लांब सुट्टी मिळाली होती. मथुरा पोळ्या लाटत होती आणि मी पत्र मोठ्याने वाचत होतो. "बाई, बारा दिवसांची सुट्टी मंजूर झाली. पोळ्याले तुझ्याकडे भिलाईले येतो," एवढं वाचलं आणि माझ्या डोक्यात अशी झकास कल्पना आली की मी पत्र घडी करून खिशात घातलं आणि थेट आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या क्वार्टरकडे निघालो.

"पुढं काय लिवलं आहे ते तं वाचा ना जी," मथुरा मागून म्हणत होती.

पुढे चारच ओळी होत्या. त्या मी वाचायला हव्या होत्या, हे आता वसाहतीतला आमचा सगळा सेक्टर मला सांगतो.

माझी कल्पना समजायची तर टाइमकीपरचं दुःख समजलं पाहिजे. मी पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात. सकाळी माणसं खिडकीतून पितळी टोकन टाकतात, मी हजेरी लावतो. पाच मिनिटं उशीर झाला तर पाच मिनिटं कापतो. त्यामुळे सकाळी ज्यांची मिनिटं कापली ते संध्याकाळी माझ्याकडे बघून रस्ता बदलतात. आमच्या विदर्भ मित्र मंडळाचा मी सचिव होतो, पण तो केवळ अक्षर चांगलं म्हणून. आता सख्खा मेव्हणा रणांगणावरून येणार. त्याचा जाहीर सत्कार, त्याच्या बाजूला मी. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी रस्ता बदलला नसता.

मंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडला: पोळ्याच्या संध्याकाळी वीर जवान तेजराम यांचा भव्य सत्कार. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटा कवडू डोलावत नव्हता. कवडू आमच्या भिंतीपलीकडचा शेजारी, रोलिंग मिलमध्ये अवजड यंत्रं उचलणाऱ्या खलाशांच्या टोळीत. माणूस गोड, पण एक प्रश्न डोक्यात शिरला की तो क्रेनने काढावा लागतो.

"वीर कावून?" त्याने विचारलं.

"कावून म्हणजे? फौजेत आहे ना."

"ते समजलं जी. पण त्यानं केलं काय?"

मी त्याला शांतपणे तत्त्व समजावून सांगितलं. टोकन टाकलं की माणूस हजर. आत जाऊन तो काय करतो हे टाइम ऑफिस बघत नाही. तसंच वर्दी चढवली की माणूस वीर. पुढची चौकशी आपलं काम नाही.

"टोकन टाकून, रूळ थंडे होते त्या कुलिंग बेडच्या मांगं झोपणारे सतरा जण मले माहीत आहेत," कवडू म्हणाला. "माहे बाबा पलटणीत होते, केवलभाऊ. ते म्हणत, पलटणीत शूर बी असते अन् शिधा चोरणारे बी असते. वर्दी दोघायलेबी तेवढीच फिट बसते."

अध्यक्षांनी चहा आल्याचं सांगून वाद मिटवला. ठराव बहुमताने मंजूर झाला. कवडूने विरोधात हात वर केला आणि दुसऱ्या हाताने चहा घेतला.

लाउडस्पीकर आणि मिरवणुकीची परवानगी काढायला मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार हिरालाल यांनी अर्ज तीनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"फौजी का सत्कार है?"

"जी हां."

"वर्दी है इसलिए?"

"जी, वर्दी है इसलिए," मी तत्त्वाला जागून म्हणालो.

हिरालाल उठून उभे राहिले. आपल्या सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावलं. "और बाबूजी, ये क्या है? पजामा है? तेईस साल से पहन रहा हूं. धूप में, पानी में, मेले में. आज तक किसी ने एक गेंदे का फूल नहीं दिया."

ते हे रागाने म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ते अगदी साधेपणाने म्हणाले, आणि मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. शिवाय अर्ज त्यांच्या हातात होता. मी सत्कारमूर्तींच्या यादीत क्रमांक दोन लिहिला. परवानगीच्या कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरात नमूद केलं की संलग्न यादीतील सर्व सत्कारमूर्तींना मिरवणुकीने सेक्टरात आणण्यास हरकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

बातमी पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या अग्निशामक दलातला एक जवान घरी आला. आग विझवणं हे शौर्य नाही का, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट बघत तो दोन कप चहा प्यायला. मग मेन गेटचा पहारेकरी. मग होमगार्ड. मग आमचा पोस्टमन, जो म्हणाला की खाकी ही खाकीच असते आणि कुत्री तर त्याच्याच मागे लागतात. शेवटी सफाई जमादार ओमप्रकाश. त्याच्याकडे वसाहतीच्या साफसफाईबरोबर कांजी हाउसचंही काम होतं. सेक्टरात शिरलेली मोकाट गुरं तिथे कोंडत. माझ्याच तत्त्वाने मला एकालाही नाही म्हणता येईना.

"आज किती झाले जी वीर?" कवडू रोज भिंतीवरून विचारायचा.

"सात."

"अजून नर्सबाई अन् बँडवाले राहिले."

समोरच्या क्वार्टरमधल्या सिंधुताईंनी सल्ला दिला की वीराला पायी आणू नये, जीप हवी. जीप मिळेना. मग त्या म्हणाल्या, घोडा चालेल. घोडाही मिळेना. मग त्या म्हणाल्या, सायकल सजवा, पण डबलसीट नको, वीर डबलसीट शोभत नाही. हारांबद्दल त्यांचं म्हणणं होतं की दोन जास्तीचे ठेवा, ऐन वेळी कोणी तरी रुसतंच. हे एक मी मानलं आणि ते किती बरं झालं हे पुढे कळेलच.

स्टेजचा प्रश्न कवडूने सोडवला. ठरावाला विरोध असला तरी वजन उचलायचं काम दिसलं की त्याला राहवत नसे. रशियाहून यंत्रं ज्या खोक्यांत येत त्यांच्या जाड फळ्या त्याने आणल्या, स्टेज बांधलं आणि वर कमान उभी केली. कमानीच्या फळीवर मोठी काळी रशियन अक्षरं होती. ती मला भारदस्त वाटली म्हणून मी रंगवू दिली नाहीत. नंतर कारखान्यातल्या रशियन साहेबांच्या दुभाष्याने वाचून सांगितलं की तिथे 'हळू उतरवा, आपटू नका' असं लिहिलेलं आहे.

आणि पोळ्याच्या चार दिवस आधी तेजराम आला. लोखंडी ट्रंक, होल्डॉल, उन्हाने काळवंडलेला चेहरा. बहिणीच्या पाया पडला, आंघोळ केली, लुंगी-बनियान घातली आणि चौदा तास झोपला. वीर इतका झोपतो हे मला नवीन होतं. उठल्यावर मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

"तेजराम, लढाईत तू नेमकं काय केलं?"

"पाणी वाहिलं, भाऊजी. खेचरं घेऊन. खालून वर."

"आणखी?"

"वरून खाली रिकामे पिपे."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो आणखी काही सांगेल असं वाटलं. पण त्यानेच मला विचारलं, "भाऊजी, बैलायचं काही जमलं का?"

"होईल, होईल," मी म्हणालो. कसले बैल हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायला वेळ नव्हता. हँडबिल छापायला जायचं होतं. त्यात मी लिहिलं, 'शत्रूला पाणी पाजणारे वीर तेजराम'. पाण्याचा उल्लेख आला होता, त्यामुळे मला ते खोटं वाटलं नाही.

त्याने पुढचे दोन्ही दिवस तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. वर्दी घालशील ना, असं मी विचारलं तेव्हा मात्र तो हसला. "सुट्टीवर आहो, भाऊजी." मी गुपचूप ट्रंकेतून वर्दी काढून धोब्याकडे कडक इस्त्रीला दिली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझी सायकल घेऊन तो कुठेतरी गेला. परत आला तेव्हा पायांना चिखल होता आणि हाताला हळद-तुपाचा वास. मथुराच्या कानाशी त्याने काहीतरी सांगितलं. ती कधी नव्हे इतकी हसली आणि तिने जास्तीची डाळ भिजत घातली. मला कोणी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मी भाषणाचा तिसरा मसुदा लिहीत होतो.

पोळ्याच्या दिवशी कार्यक्रम साडेपाचचा. जनरल शिफ्ट सुटली आणि माणसांनी मैदान भरलं. माझ्या नावाने बोटं मोडणारे फिटर, वेल्डर, सगळे बायका-पोरांसह आले होते. स्टेजवर सात खुर्च्या. सहांवर वीर बसलेले, सहाही खाकीत, सहांच्या मिशांना तेल आणि गळ्यात हार. मधली खुर्ची रिकामी. तिच्यावर तेजरामची इस्त्रीची वर्दी घडी करून ठेवलेली, कारण वर्दी होती, पण आतला माणूस दुपारी बारापासून गायब होता.

साडेपाचचे सहा झाले. मी पहिला मसुदा वाचला. सव्वासहाला दुसरा वाचला. लोक चुळबुळ करू लागले. मागून एक आवाज आला, "टाइमकीपरसाहेब, पाऊण घंटा कापा आता." सगळं मैदान हसलं.  आयुष्यात पहिल्यांदा हजार माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला जमिनीत जागा हवी होती.

हिरालाल धावून आले. कर्तव्य ते कर्तव्य. गळ्यात हार असतानाच त्यांनी खिशातून डायरी काढली. "गुमशुदगी लिख लेते हैं. नाम?"

"तेजराम."

"कद?"

"माझ्यापेक्षा थोडा उंच."

"पहनावा? वर्दी में था?"

"वर्दी तर ही खुर्चीवर आहे," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

तेवढ्यात मथुरा स्टेजच्या कडेला आली. हातात ओवाळणीचं ताट, चेहऱ्यावर काळजी. "लुंगी अन् बनियान घालून होता, साहेब. डोक्याले लाल गमछा. अन् संगं दोन बैल. दुपारीच दाराशी आणतो म्हणे. मी दुपारपासून ताट घेऊन बसली आहो."

हिरालाल यांची पेन्सिल थांबली. त्यांनी हळूच ओमप्रकाशकडे बघितलं. ओमप्रकाश आपल्या बुटांकडे बघत होता.

"एक बैल के माथे पे चांद था क्या, बहनजी?"

"मले काय माहीत जी. मी पाह्यले कुठी अजून?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सेक्टरात गुरं आणायला बंदी. आज सत्कार आहे, तर दिवसभर ड्यूटी अगदी चोख करायची, असं हिरालाल यांनी सकाळीच ठरवलं होतं. दुपारी एकच्या सुमाराला चौकावर एक लुंगीवाला दोन सजवलेले बैल घेऊन आत शिरताना सापडला. त्यांनी बैल ओमप्रकाशच्या ताब्यात दिले, ओमप्रकाशने कांजी हाउसात कोंडले. लुंगीवाल्याला जायला सांगितलं तर तो बैलांबरोबर आत जाऊन बसला. ओमप्रकाशने बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून तो सत्काराला आला.

"म्हंजे वीर नंबर दोनानं वीर नंबर एकाले पकडलं," कवडू मोठ्याने म्हणाला, "अन् वीर नंबर सातानं कोंडलं."

लाउडस्पीकर चालूच होता. यानंतर मैदानात कोणी बसून राहणं शक्यच नव्हतं. मी, मथुरा, सहा वीर, अध्यक्ष आणि सगळा समाज कांजी हाउसकडे निघालो.

तेजराम आत दोन पांढऱ्या बैलांच्या मधे भिंतीला टेकून बसला होता. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर गेरूचे ठसे, खांद्यांना हळद. एक बैल त्याच्या गमछ्याचं टोक चघळत होता. इतका समाधानी माणूस मी कांजी हाउसात काय, बाहेरही बघितला नव्हता.

"फौजी हो, ये बताया क्यों नहीं?" हिरालाल कळवळून म्हणाले.

"आपने बैल किसके हैं, इतना ही पूछा था, साहब."

"पण तुले जा म्हणत होते ना," मी ओरडलो. "तू बसला कायले? तिथं हजार माणूस तुही वाट पाहून राहिलं."

तेजरामने बैलाच्या मानेवर हात ठेवला. "कसा येऊ, भाऊजी? काल सांजी तलावाजवळच्या फकिरा कास्तकाराच्या गोठ्यात गेलो, त्याची जोडी मांगतली. यायचे खांदे मळले, कानाशी सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन देऊन पाहुणे आणले अन् अर्ध्या वाटेत कोंडून निघून जाऊ? बाबा असते तं त्यायनं मले उभं नसतं केलं."

 आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी असं आवतन देत मोठा झाला होता. मथुरा डोळे पुसत होती. मी खिशात हात घातला, ते पत्र अजून तिथेच होतं. पहिल्या ओळीच्या पुढे लिहिलं होतं: 'बाबा गेल्यापासून आपल्या घरी बैल नाहीत. सहा वर्षं झाली, पोळा पाह्यला नाही. भाऊजीले सांग, एका दिवसापुरती जोडी भेटन तर पाहा. मी धुवीन, तुझ्या दाराशी आणीन, तू ओवाळ. बाकी मले काही नको.' मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि मी ते तिथेच सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

"ते मंग पाहू," तेजराम म्हणाला. "पाहुणे उपाशी आहेत."

ओमप्रकाशने कुलूप काढलं. पण कायदा तिथेच होता. हिरालाल डोकं खाजवू लागले. सेक्टरात गुरं नेता येत नाहीत, आणि ओवाळणी सेक्टरात, मथुराच्या दाराशी. इथे माझी अठरा वर्षांची कारकुनी कामाला आली. मी परवानगीचा कागद उघडला. "हवालदारसाहेब, यादीतल्या सर्व सत्कारमूर्तींना मिरवणुकीने आणायला हरकत नाही, असं तुमच्याच अक्षरात आहे. यादी सचिव करतो." आणि मी क्रमांक आठ आणि नऊ लिहिले: बैल, पांढरा. बैल, पांढरा, कपाळावर चांद.

"ठरावाले अनुमोदन," कवडू मागून म्हणाला. पूजाअर्चेत तो एरवी भाग घेत नसे, पण या वेळी त्याने दोन्ही हात वर केले. "यायनं काय केलं ते तरी मले माहीत आहे. वर्षभर नांगर ओढला."

हिरालाल यांनी क्रमांक आठच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्या कागदावर हळदीचा डाग आहे. मंडळाच्या फाइलमध्ये तो आजही दिसतो.

मिरवणूक निघाली. पुढे बैल, मधे लुंगीतला तेजराम, मागे सहा खाकी वीर आणि सगळा सेक्टर. मथुराने दाराशी ओवाळलं, पुरणपोळी भरवली. जास्तीचे दोन हार बैलांना घातले. ते त्यांनी एकमेकांच्या गळ्यातले खाऊन टाकले आणि मग चांदवाल्याने क्रमांक दोनकडे मान वळवली. हिरालाल यांनी तेवीस वर्षांनी मिळालेला हार एक क्षण चाचपून बघितला. मग स्वतःच्या हाताने काढून त्याच्यापुढे धरला. खाताना बैलाने त्यांच्या बोटांना चाटलं. ते इतके खूश झाले की आम्ही सगळे हसलो.

लोकांनी तेजरामला बोलायचा आग्रह केला. त्याने लाउडस्पीकरकडे बघितलं आणि म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी बैलाले कोणी भाषण कराले लावते का? किती नांगरलं, कसं नांगरलं, हे विचारते का? त्याले खाऊ घालते अन् मोकळं सोडते. मलेबी तसंच करा. मी वर पाणी नेलं. वर जाऊन पाणी प्यायले, ते सगळे परत नाही आले. वीर म्हणाचंच असन तं त्यायले म्हणा. मले आज पोळी वाढा." मग त्याने सात पोळ्या खाल्ल्या. मोजल्या सिंधुताईंनी, मी नाही. त्यानंतर बैल फकिराच्या गोठ्यात पोचवायला आम्ही दोघे चालत गेलो. त्याने मला बरंच काही सांगितलं, ते मी कुठल्याही हँडबिलात छापणार नाही.

पुढच्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नाही. पोळ्याच्या आठ दिवस आधी कार्ड आलं. या वेळी मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि नंतर मथुराला पुन्हा वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती: 'भाऊजी, आवतन तुमी द्या.'

आदल्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. टाइम ऑफिसात माझी स्वतःची रजा मी पहिल्यांदाच लिहिली. हळद-तुपाची वाटी घेऊन फकिराच्या गोठ्यात गेलो, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही खांदे मळले. चांदवाल्याच्या कानाशी वाकून आवतन दिलं. शब्द अडखळत होते, पण त्याने मान हलवली. परत येताना चौकावर हिरालाल उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून परवानगीचा घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"कल कितने बजे लाएंगे, बाबूजी? मैं यहीं खड़ा मिलूंगा."